फाईल गोपनीय, माझा नंबर मात्र उघड

आमच्या गल्लीतला सिमेंटचा रस्ता एकाच पावसाळ्यात उखडला, तेव्हा म्हटलं बघूया तरी कागदावर काय लिहिलंय. माहिती अधिकार कायदा 2005 चा, पण मी आजवर नुसता ऐकून होतो. झेरॉक्सवाल्याकडनं 'जोडपत्र अ', म्हणजे अर्जाचा छापील नमुना, घेतलं, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवलं आणि अंदाजपत्रक, वर्कऑर्डर आणि झालेल्या कामाची मापं लिहितात ते मोजमाप पुस्तक एवढंच मागितलं. आपल्याकडे अर्ज 150 शब्दांत, एकाच विषयावर लागतो, माझ्यासारख्या बडबड्याला तेच अवघड गेलं.

आवकच्या टेबलावर पोच देताना साहेबांनी विचारलं, "कशाला पाहिजे हे?" कलम 6(2) प्रमाणे कारण सांगायची गरजच नाही, पण तेव्हा कुठे माहीत, मी आपलं "असंच" म्हणालो. आणि शहाण्यासारखा मोबाईल नंबरही लिहून बसलो होतो, तोही कोणी मागितला नव्हता.

तिसऱ्या दिवशी फोन. "दादा, रस्त्याचं ना, बसून बोलू की, अर्ज-बिर्ज कशाला?" आवाज एकदम गोड. आई शेजारी चपात्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. "तळेगावच्या शेट्टींचं काय झालं माहितीये ना?" एवढंच म्हणाली. सतीश शेट्टी जमिनीचे घोटाळे बाहेर काढायचे, 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला गेले होते तेव्हा त्यांचा खून झाला. अशा लोकांना संरक्षण देणारा कायदा 2014 ला झाला, राष्ट्रपतींची सहीसुद्धा झाली, पण तो लागू करायचं काही कोणी मनावर घेतलं नाही.

तिसाव्या दिवशी उत्तर आलं: माहिती त्रयस्थ व्यक्तीची, वैयक्तिक, देता येत नाही. म्हणजे सरकारी पैशाचा रस्ता वैयक्तिक, आणि माझा नंबर सार्वजनिक! 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहिती नाकारायच्या याच 8(1) जे कलमातली 'जनहित असेल तर द्या' ही अट काढून टाकलीये, ओळखीचे वकील म्हणाले, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते असं सांगणारं 8(2) अजून शाबूत आहे, त्यावर बोट ठेव. 20 रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील केलं, सुनावणी दहा मिनिटांची, अपिलीय अधिकाऱ्यांनी कागद बघितले आणि म्हणाले, "द्या यांना."

पानाला 2 रुपये, 46 पानं, 92 रुपये. मोजमाप पुस्तकात रस्त्याची रुंदी 3.75 मीटर, खाली दोन सह्या. घरी येऊन चुलतभावाला टेपचं एक टोक धरायला लावलं, तीन ठिकाणी मोजलं, कुठेच 3.10 च्या वर जाईना.

आता दुसरा अर्ज टाकलाय, बिल कोणी पास केलं याचा. परवा आवकचे साहेब पेन पुढे करून म्हणाले, "नंबर नाही लिहिला?" म्हटलं पत्ता लिहिलाय साहेब, पोस्टाने पाठवा.