उकळलेलं पाणी

"मी नातवाला उकळूनच देतो की गे पाणी," आजी म्हणाल्या आणि तेवढ्यात माझ्या हातातली पाणी तपासायची पट्टी गुलाबी झाली, रंगांच्या तक्त्यावरच्या 50 च्या खान्याइतकी गडद.

समर इंटर्नशिपमध्ये आम्ही बेळगावच्या खानापूर रोडवरच्या गावांत विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट मोजतोय, मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. युरिया, शोषखड्डे, गोठा, सगळं झिरपून तिथंच येतं. आणि उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताला तर ऑक्सिजन नेणं जड जाऊ शकतं.

पितळेचं पातेलं, वर धुतलेलं पांढरं फडकं बांधलेलं. इतक्या निगुतीनं करतात ओ त्या!

सांगताना माझीच जीभ जड झाली. वरच्या दुधात हे पाणी घालू नका, लॅबमध्ये परत तपासतो म्हटलं. त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "काय येतंय ते मराठीत लिहून दे गे, सून वाचतीया."

आमचा फॉर्म इंग्रजी आणि कन्नडमध्ये, आकडे जाणार कॉलेजच्या पोस्टरवर.

आत्ता रात्री त्यांच्यासाठी एक पान मराठीत लिहिलंय. पण बाकीच्या 22 घरांना कोण सांगणार?