विमानात पंपाच्या ट्यूबमधले बुडबुडे

इन्सुलिन पंप (बारीक ट्यूबमधून अंगात सतत थोडं थोडं इन्सुलिन देणारं छोटं यंत्र) लावून विमानाने जायचं म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, सिक्युरिटीत अडवतात का गं? मलाही पहिल्या वेळी तीच धास्ती होती, आदल्या रात्री धड झोपही लागली नाही, आणि ज्याची खरी काळजी घ्यायला हवी होती त्याबद्दल मला कुणी एक अक्षर सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय. टाइप वन मधुमेह असलेल्या कुणाला आणि खास करून पंपवाल्या लहान मुलांच्या आईबाबांना उपयोग व्हावा एवढंच मनात आहे.

सिक्युरिटीचं आधी उरकते. आपल्या पंपाच्या आणि शुगर मोजून फोनवर दाखवणाऱ्या सेन्सरच्या माहितीपुस्तकात काय चालतं काय नाही ते लिहिलेलं असतं, ते घरीच वाचून ठेवा कारण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. माझ्या पंपाला मेटल डिटेक्टरची कमान चालते, पण बॅगा जातात ते एक्स-रे मशीन आणि फुल बॉडी स्कॅनर चालत नाही. मी रांगेत असतानाच सांगते की मला इन्सुलिन पंप आहे, हाताने तपासा. मग ते तपासतात, मला पंप हातात धरायला लावतात आणि एका कापडाच्या पट्टीने माझे तळहात पुसून घेतात, झालं. एकदा एका ठिकाणी मात्र तो काढून ट्रेमध्ये ठेवाच म्हणून फार आग्रह झाला. मी शांतपणे एवढंच म्हणाले की यातून मला दर काही मिनिटांनी इन्सुलिन मिळतं, हा मशीनमध्ये घालता येत नाही, आणि डॉक्टरांचं पत्र पुढे केलं. वेळ गेला पण पंप कमरेलाच राहिला.

आता मुख्य गोष्ट.

पहिल्या प्रवासाच्या आदल्या रात्री मी ट्यूबचा नवा सेट लावला आणि रिझर्व्हॉयर, म्हणजे पंपातली इन्सुलिनची नळकांडी, काठोकाठ भरलं, पूर्ण ३ मिली, म्हणजे ३०० युनिट. वाटेत कमी पडायला नको हाच विचार. विमानात बसले तेव्हा शुगर १२८, बाण सरळ म्हणजे शुगर स्थिर, काही खाल्लेलं नाही, बोलस म्हणजे जेवणासाठीचा जादा डोस घेतलेला नाही. सुटल्यावर साधारण तासाभराने हातातला फोन थरथरला, ६४ आणि बाण खाली. चार ग्लुकोजच्या गोळ्या चघळल्या, तळहात घामाने ओले झालेले, शेजारचे विचारतायत बरं वाटत नाहीये का, आणि मला वाटलं एअरपोर्टवर बॅग ओढत खूप चालले त्याचं असणार. परतीच्या प्रवासात परत तेच! तसंच भरलेलं रिझर्व्हॉयर, तशीच तासाभराने शुगर लो. तेव्हा मात्र शर्टाच्या आतून ट्यूब बाहेर काढली आणि वरच्या वाचायच्या दिव्याखाली धरली. आत बारीक बारीक बुडबुड्यांची माळ होती. सकाळी घरी बघितलं तेव्हा ट्यूब स्वच्छ होती, एकही बुडबुडा नव्हता.

घरी आल्यावर शोधलं तर कळलं की ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्येच यावर काम केलंय, प्रत्यक्ष विमानात पंप नेऊन मोजलंय. विमान वर गेलं की केबिनमधला हवेचा दाब कमी होतो, साधारण आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका, म्हणजे जमिनीवरच्या पाऊणपट. त्यामुळे इन्सुलिनमध्ये विरघळलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, आधीचे बुडबुडे फुगतात, आणि ते इन्सुलिनला पुढे ढकलतात, सरळ आपल्या अंगात. पंपाच्या स्क्रीनवर याची कुठेच नोंद नसते कारण पंपाने ते दिलेलंच नसतं! पूर्ण भरलेल्या रिझर्व्हॉयरमधून विमान वर चढताना सुमारे १ ते १.४ युनिट जास्त गेलं होतं. जितकं जास्त भरलेलं तितका परिणाम जास्त, म्हणजे मी काळजीपोटी जे केलं तेच नडलं. आणि विमान उतरताना उलटं होतं, बुडबुडे आक्रसतात आणि इन्सुलिन कमी मिळतं, उतरल्यावर माझी शुगर का चढायची तेही तेव्हा कळलं.

मोठ्या माणसाला एक युनिट फार वाटणार नाही, पण ज्या मुलाची शुगर एका युनिटने शंभर-दीडशेने खाली येते त्याचं काय? हे पंप देतानाच सांगायला हवं, ते सांगत नाहीत याचा मला अजून राग येतो.

मग डॉक्टरांशी बोलून मी पद्धत बदलली. रिझर्व्हॉयर अर्धंच भरते, दीड मिली, आणि इन्सुलिन फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच भरते कारण गार इन्सुलिन नंतर गरम होताना बुडबुडे सोडतं. विमान सुटायच्या आधी ट्यूब अंगापासून काढते, विमान वर स्थिर झालं की पंप उभा धरून टिचकी मारून बुडबुडे वर आणते, प्राइम करून, म्हणजे ट्यूबमधून थोडं इन्सुलिन बाहेर सोडून, ते बाहेर काढते आणि परत जोडते. उतरल्यावर परत काढायची, दोन युनिट प्राइम करायचे, थेंब दिसला की जोडायची. प्राइम करताना ट्यूब अंगाला जोडलेली नसावी हे मात्र दहा वेळा बघा, नाहीतर ते सगळं इन्सुलिन आत जाईल. आणि केबिनचा दाब अचानक गेला, ऑक्सिजनचे मास्क खाली आले, तर आधी मास्क लावा आणि लगेच पंप काढा, कारण तेव्हा एकदम काही युनिट आत जाऊ शकतात.

सामान कायम दुप्पट, आणि सगळं केबिन बॅगेत. चेक-इन बॅगेत इन्सुलिन गोठू शकतं आणि गोठलेलं वापरायचं नसतं. लाँग-अ‍ॅक्टिंग, म्हणजे बराच वेळ पुरणाऱ्या, इन्सुलिनचं पेनही बरोबर असू दे, पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं, पंप बंद पडला तर काही तासांत रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की तयार होणारी घातक आम्लं) वाढायला लागतात.

परवाच्या प्रवासात बसताना १३१ होती, तासाभराने १२४. फोन एकदाही वाजला नाही, मी खिडकीला डोकं टेकून झोपले.