घाटमाथ्यावर राहायला जाताय? गाव पूर्वेच्या उताराला शोधा

शहर सोडून सह्याद्रीत कायमचं राहायला जायचं म्हटलं की यादीतली पहिली नावं ठरलेली असतात: महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळा, आंबोली. सुट्टीला ही गावं फर्मास आहेत. पण बारा महिने राहायला त्यांच्यापेक्षा बरी गावं बहुतेक वेळा तिथून पंधरा-तीस किलोमीटर पूर्वेला, डोंगर उतरून सापडतात. वाई, भोर, जुन्नर, अकोले, आजरा या गावांचे फोटो कुणी फारसे टाकत नाही, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरंच आहे.

कारण पावसात आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग घाटाच्या कड्याला धडकतात आणि बहुतेक सगळं पाणी माथ्यावरच टाकून मोकळे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून १९ किलोमीटरवरच्या पाचगणीत साधारण त्याचा तिसरा हिस्सा. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की हजार मिलिमीटरच्याही आत. म्हणजे जेमतेम तासाभराच्या रस्त्यात घराचं बांधकाम, कपडे वाळणं, गुडघेदुखी, लाइट जाणं, सगळ्याचं गणित बदलतं. डोंगर वाईतूनही दिसतो आणि अर्ध्या तासात पाचगणीला पोचताही येतं. फक्त रात्री तुम्ही ढगाच्या आत झोपत नाही.

चार महिने ढगात राहणं म्हणजे काय, ते महाबळेश्वरात मे महिन्यात फिरलं तर कळतं. पावसाच्या बाजूच्या भिंतींना गवताच्या झड्या बांधायचं काम चाललेलं असतं; आता बऱ्याच ठिकाणी गवताच्या जागी प्लॅस्टिक आलंय. हौस म्हणून नाही. तिथला पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. जांभ्या दगडाची भिंत पाणी पिते, आतल्या बाजूला गिलाव्यावर आधी ओल, मग काळी बुरशी. कपाट भिंतीला टेकवून ठेवलं तर ऑगस्टपर्यंत मागची प्लायवूड फुगते. चामड्याच्या चपला, कॅमेऱ्याची लेन्स, पुस्तकांच्या शिवणी, मीठ, सगळं ओलं. दमा किंवा संधिवात असलेलं माणूस घरात असेल, तर हा मुद्दा दृश्याच्या आधी बघायचा.

दुसरी चाळणी म्हणजे गाव तालुक्याचं असावं. तहसील, दुय्यम निबंधक, कोर्ट, ग्रामीण रुग्णालय, एसटीचं आगार, दोन-तीन बँका आणि आठवड्याचा बाजार, हे सगळं तालुक्याच्या गावी आपसूक असतं. तिथून दहा किलोमीटर आत गेलं की साध्या प्लंबरसाठीही दिवस जातो. वाई, भोर, जुन्नर इथे जुन्या नगरपरिषदा आहेत, म्हणजे नळाचं पाणी, कचरागाडी आणि बांधकाम परवान्याची ठरलेली खिडकी. अकोले, आजरा, पाटण, मेढा इथे नगरपंचायती आहेत.

यातलं कुठलं, ते तुमच्या कामावर आहे. पुण्याला आठवड्यातून एकदा जावं लागत असेल तर भोर, साधारण ५०-५५ किलोमीटर. मात्र भोरहून कोकणात उतरणारा वरंधा घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो, त्यामुळे महाडच्या भरवशावर काही आखू नका. जुन्नरला पुणे-नाशिक रस्ता नारायणगावात मिळतो. भाजीपाला उत्तम, पण आसपास उसात बिबटे आहेत. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र उगाच उभं राहिलेलं नाही. तिथे घर गावात घ्यावं, उसाच्या कडेला नाही, आणि कुत्रं रात्री आत. आजऱ्याला पाऊस वाईपेक्षा बराच जास्त, घनसाळ तांदळाचा मुलूख, गव्यांची आणि अधूनमधून हत्तींची ये-जा. गडहिंग्लज जवळ असल्याने दवाखान्याची अडचण नाही. पाटण कोयनेच्या खोऱ्यात आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तिथलाच. आजही त्या भागात जुनं दगडी घर घ्यायचं तर जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली काँक्रीटचे पट्टे आहेत का, ते पाहूनच. वाई आमच्या मते सगळ्यात संतुलित. कृष्णेचा घाट, धोमचं धरण, साताऱ्याचा ३५ किलोमीटरचा सरळ रस्ता, शाळा. दोष एकच: शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात पाचगणीला जाणाऱ्या गाड्यांची रांग गावातूनच जाते.

आता पाणी. सहा हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या माथ्यावर एप्रिलमध्ये टँकर का फिरतो, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. वर जांभ्याचा थर चाळणीसारखा, त्याखाली काळा कातळ. पाणी जांभ्यातून झरझर उतरतं, कातळाला लागलं की आडवं वाहतं आणि उतारावर झऱ्याने बाहेर पडून नदीला मिळतं. जमिनीत साठत नाही. जानेवारीपर्यंत झरे बारीक होतात, मार्चनंतर काही बंद. बोअरवेल कातळातली भेग लागली तर चालते, नाही लागली तर तीनशे फूट कोरडी. शेजारच्याच्या बोअरला पाणी आहे म्हणून तुमच्याही येईल, याची कातळात खात्री नसते.

म्हणून विहीर किंवा बोअर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बघायची. विहिरीत डोकावल्यावर आतल्या दगडांवर पाण्याच्या आडव्या रेघा दिसतात. वरची रेघ पावसाळ्याची, खालची गडद ओली पट्टी आत्ताची. दोघींमधलं अंतर पाच-सहा हातांहून जास्त असेल आणि खाली गाळ दिसत असेल, तर विहीर उन्हाळ्यात रिकामी होते. मोटर चालू करायला सांगा, अर्धा तास उपसू द्या, मग बंद करून पाणी किती वेळात परत चढतं ते बघा. मालक "मोटर बिघडलीय" म्हणाला तर दुसऱ्या दिवशी परत जा.

हिशेब असा करा. माणशी दिवसाला किमान १०० लिटर धरा. चार माणसांना ४०० लिटर. एप्रिल-मेचे ६० दिवस म्हणजे २४,००० लिटर. एवढं साठवायला ४ मीटर लांब, ३ रुंद, २ खोल अशी टाकी लागते. जोत्याखाली किंवा पडवीखाली सहज बसते. ती भरायला पाऊस कमी पडत नाही. ८० चौरस मीटरच्या छपरावर २,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,६०,००० लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला तरी सव्वा लाख उरतात. अडचण पावसाची नसते, टाकीची असते. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी बाहेर सोडा, त्यात वर्षभराची धूळ आणि वानरांची घाण असते. टाकीच्या झाकणाला आणि हवेच्या नळीला बारीक जाळी हवीच, नाहीतर डासांचं घर.

वानरांवरून आठवलं: कौलारू घर घ्यायचं तर जास्तीची शंभर-दीडशे कौलं आधीच आणून ठेवा. वानरांचा कळप छपरावरून गेला की दहा-वीस सरकतात, पाचेक फुटतात, आणि ऐन जुलैत कौलं शाकारायला माणूस मिळत नाही.

उतारावरची जागा घेताना डोळ्यांआधी पाय वापरावेत. ३० जुलै २०१४ला माळीण, २२ जुलै २०२१ला तळीये, १९ जुलै २०२३ला इर्शाळवाडी. दरड कोसळल्याच्या या तिन्ही घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या. महिनाभर पडून माती पाण्याने पुरती भरलेली असते आणि त्यावर मोठी सर येते. त्यामुळे प्लॉटच्या वरच्या अंगाला किमान दोनशे-तीनशे मीटर चालत जा. झाडांचे बुंधे मुळाशी वाकून मग सरळ झालेत का, विजेचे खांब कलंडलेत का, जमिनीला उताराला आडव्या भेगा आहेत का? झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालंय किंवा आटलंय का, हे गावात विचारा. रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात दोन काळ्या कातळांच्या मधे लाल मातीचा पट्टा दिसला तर थांबा. पाणी त्याच पट्ट्यावरून पाझरतं आणि वरचा भाग त्यावरूनच घसरतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' संकेतस्थळावर दरडप्रवण भागाचे नकाशे फुकट बघता येतात. ते १:५०,००० प्रमाणाचे असल्याने गावाचा अंदाज देतात, तुमच्या प्लॉटचा नाही. पायी फिरणं त्याने टळत नाही. आणि विकसकाने जेसीबीने डोंगर खणून सपाट केलेली जागा स्वस्तात मिळाली तरी नको. संरक्षक भिंतीला पाणी जायला भोकं ठेवलेली नसतील, तर ती भिंत पहिल्या दोन पावसाळ्यांत पोट काढते.

कागदपत्रांत माणसं सर्वात जास्त फसतात. शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. कूळकायद्याचं कलम ६३. एजंट म्हणतो "सगळं करून देतो", आणि मग वीस जणांचं सामाईक सात-बारा हातात येतं. तुमचे तीन गुंठे नेमके कुठले, हे त्यावर कुठेच नसतं. बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवाना मिळत नाही, विकायला गेलं तर उरलेले एकोणीस जण सापडायला हवेत. अकोले, जव्हार, इगतपुरी भागात जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर बिगर-आदिवासीला ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेताच येत नाही. सात-बारावर 'भोगवटादार वर्ग-२' दिसलं तरी परवानगी आलीच. आंबोली, चौकुळ, गेळे इथे तर कबुलायतदार गावकर, म्हणजे गावकऱ्यांनी पूर्वापार सामाईक धरलेल्या, जमिनींचा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. तिथे मालकी सिद्ध करून मागणं हेच पहिलं काम. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, बांधकामावर कडक बंधनं आहेत.

आम्ही सुचवू तो सोपा मार्ग म्हणजे गावठाणातलं किंवा नगरपरिषद हद्दीतलं तयार घर, ज्याचं प्रॉपर्टी कार्ड आहे. तरीही जुने फेरफार काढून तीस वर्षांचा मालकीचा माग घ्या, आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या. मोजणीत रस्त्याचाही उलगडा होतो. डोंगरात कितीतरी जागांना जायला शेजाऱ्याच्या बांधावरून वहिवाट असते. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली रस्ता मागता येतो, पण तोपर्यंत शेजाऱ्याशी बोलणं बंद झालेलं असतं.

वीज पावसाळ्यात जाणारच. १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी अर्ध्याच्या थोडं वर वापरावी. म्हणजे साधारण हजार वॅट-तास. एक पंखा, राउटर, लॅपटॉप आणि दोन-तीन दिवे मिळून १७० वॅट धरले, तर साडेपाच-सहा तास. माथ्यावरच्या गावांत वादळाने खांब पडला की दोन दिवसही लागतात, तिथे हे पुरत नाही. इंटरनेटचं म्हणाल तर एक फायबर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम. रुंदीकरणाच्या खोदाईत फायबर तुटतंच.

दवाखाना किलोमीटरमध्ये मोजू नका. जुलैतल्या रात्री, धुक्यात, घाटातून मोठ्या रुग्णालयात पोचायला किती मिनिटं, ते मोजा. एक तासाच्या वर जात असेल आणि घरात हृदयरोगी असेल, तर ते गाव सोडून द्या. ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं औषध आत्ता शिल्लक आहे का, आणि रात्री डॉक्टर मुक्कामी असतो का, हे दोन प्रश्न तिथल्या परिचारिकेला विचारा.

हे सगळं पटलं तरी लगेच विकत घेऊ नका. अकरा महिन्यांचा भाडेकरार करा, नोंदणी करूनच, आणि तो एप्रिलच्या सुरुवातीपासून घ्या. म्हणजे आधी टंचाई दिसते, मग पाऊस. जुलैत घराच्या पश्चिमेकडच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतीला रोज सकाळी हात लावून बघा. सप्टेंबरअखेर तिथला गिलावा नखाने सुटत असेल, तर त्या घराची किंमत ठरवताना बाहेरून पत्र्याचं आवरण आणि वाढवलेली वळचण, दोन्हींचा खर्च वजा करा.