आठवा महिना: चढा रे आणि उसनी तुतारी

ट्रम्पेट शिकतानाचा हा आठवा महिना. खालचा रे सारखा चढतोय, म्हणजे हवा त्याहून उंच लागतोय, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. कारण सापडलं. पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह (बोटाने दाबायची कळ) एकत्र दाबला की दोन्हींच्या नळ्या हवेच्या वाटेत जोडल्या जातात. पण पहिल्याने वाट आधीच लांबलेली असते, त्या मानाने तिसऱ्याची नळी तोकडी पडते आणि सूर चढतो. तिन्ही दाबून येणारा कोमल रे आणखी चढा. उपाय हाताशीच होता. डाव्या हाताच्या अनामिकेने तिसरी स्लाइड, म्हणजे तिसऱ्या व्हॉल्व्हची सरकती नळी, बाहेर सरकवायची. किती, ते तानपुरा लावून कानाने ठरवलं. आता बोट न सांगता सरकतं.

मोठी गोष्ट मात्र मावसभावाच्या लग्नात घडली. तुतारीवाल्या काकांनी त्यांची तुतारी माझ्या हातात दिली. तिला व्हॉल्व्ह नाहीत, म्हणजे जे काही करायचं ते ओठांनी आणि श्वासानेच. "गाल फुगवू नका, पोटातनं द्या," एवढंच ते म्हणाले. मला दोनच सूर निघाले, सा आणि प. ट्रम्पेटवर एकही बोट न दाबता मिळतात तेच! तिथून ओठ आवळत गेलं की तार सा, ग, प. काकांची हाक त्याच्याही वर चढून मांडवभर पसरली.

तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही. इंग्रजीत बढाई मारणारा स्वतःचा ट्रम्पेट फुंकतो. आपल्याकडे तो टिमकी वाजवतो, फार तर डंका पिटतो. तुतारी आणि रणशिंग मराठीने हाक द्यायला राखून ठेवलंय. केशवसुतांनी १८९३ मध्ये तुतारी मागितली, तीही स्वप्राणाने फुंकायला. मला हे अगदी पटतं. टिमकी दिवसभर बडवता येते, पण फुंकायला आतला सगळा श्वास द्यावा लागतो. दहा मिनिटांत ओठ थकतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

म्हणून रियाज बदलला. पहिली दहा मिनिटं व्हॉल्व्हला हात लावत नाही. सा प सा ग प, वर आणि खाली, फक्त ओठांवर. एका श्वासातला सा १२ सेकंदांवरून १७ वर गेलाय. वरच्या प ला अजून माउथपीस ओठांवर दाबला जातो. तो दाब कमी करून हवा वाढवणं, एवढंच पुढच्या महिन्याचं काम. कुणाला हे जमलं असेल तर कसं जमलं ते नक्की लिहा.