तुम्ही विचारलंत म्हणून: टूर्नामेंटमधला तो घोडा कुणाचा?

मध्ययुगीन युरोपवरच्या कादंबऱ्या मी सतत वाचते हे ज्यांना माहितीये ते हमखास विचारतात, की ते लांब भाले, माडीवर बसलेल्या राजकन्या, प्रेयसीचा रुमाल दंडाला बांधून घोडा फेकणारा नाईट (म्हणजे चिलखत घालून लढणारा घोडेस्वार), हे सगळं त्यांच्या टूर्नामेंटमधे, म्हणजे लढाईच्या स्पर्धांमधे, खरंच असायचं का?

असायचं, पण बरंच नंतर. मधे लाकडी कठडा आणि त्याच्या दोन्ही अंगांनी सुसाट येणारे दोन स्वार हे चित्र 15व्या शतकातलं. 12व्या शतकातली टूर्नामेंट म्हणजे दोन गावांमधला सगळा मुलुख हेच मैदान, त्यात शेकडो नाईट दोन तट करून एकमेकांवर तुटून पडणार. मारायचं नसायचं, पकडायचं असायचं. जो सापडला त्याचा घोडा, चिलखत तुमचं, किंवा मग त्याने पैसे मोजून सुटका करून घ्यायची.

म्हणून कुठलीही कादंबरी उघडली की मी आधी बघते, हिरोचा घोडा कुणाच्या पैशाचा आहे. आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर हा फरक असतो ना, स्वतःचा घोडा असलेला आणि सरकारी घोड्यावर बसणारा, तो माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे पटकन कळेल. घोडा गेला की पोट गेलं, इतकं साधं होतं ते.

12व्या शतकातल्या विल्यम मार्शल या इंग्रज नाईटचंच घ्या. बापाचा चौथा मुलगा, जमीन नाही. फ्रान्सच्या उत्तरेला नॉर्मंडीत पहिल्याच मोठ्या लढाईत हा शर्थीने लढला, घोडा मात्र मेला. रात्री जेवताना एक मोठा सरदार म्हणाला, मला एखादा जुना खोगिराचा पट्टा तरी भेट दे, आणि हा भोळेपणाने म्हणाला, माझ्याकडे कुठला? सगळे हसले, कारण दिवसभर एवढे शत्रू लोळवून याने कुणाचं काहीच घेतलं नव्हतं! पुढे अंगावरचा झगा विकून त्याला साधा घोडा घ्यावा लागला. मला हा प्रसंग फार लागतो, कारण तेव्हा त्याच्याकडे शौर्य होतं पण त्यावर जगायचं कसं ते माहीत नव्हतं.

ते तो टूर्नामेंटमधे शिकला. एका नाईटबरोबर सरळ भागीदारी केली आणि दहा महिन्यांत दोघांनी 103 नाईट पकडले, कारकुनाने त्याची नोंदच ठेवली होती. एकदा जिंकल्यावर बक्षीस द्यायला लोक त्याला शोधत आले तर हा लोहाराकडे ऐरणीवर डोकं ठेवून बसलेला, कारण शिरस्त्राण इतकं चेपलं होतं की ठोकून काढल्याशिवाय निघेना. त्याच्यावरच्या पद्यचरित्रातलं हे चित्र मला दहा राजकन्यांपेक्षा जास्त आवडतं.

आणि शिव्हलरी, म्हणजे नाईटांची शौर्याची नि दिलेला शब्द पाळण्याची रीत, खोटी होती का, हा पुढचा प्रश्न असतोच. मला नाही वाटत. दिलेल्या शब्दावर कैदी सोडायचा आणि त्याने नंतर खरंच पैसे आणून द्यायचे, हा व्यवहार शब्दाला किंमत असल्याशिवाय चाललाच नसता. चर्चला मात्र हे मान्य नव्हतं, 1130 मधे फ्रान्समधल्या क्लेर्मोंच्या धर्मसभेत ठरलं की टूर्नामेंटमधे मेला त्याला ख्रिस्ती दफन नाही. मार्शल 1219 मधे शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळला, इंग्लंडच्या बालराजाच्या वतीने राज्य सांभाळून झालं होतं, तेव्हा त्याला सांगितलं गेलं की लुटलेलं परत केल्याशिवाय मुक्ती नाही. तो म्हणाला, मी 500 नाईट पकडलेत, त्यांचे घोडे नि शस्त्रं घेतलीत, ते आता कुठून परत करू? नाही केलं परत. लंडनच्या टेम्पल चर्चमधे त्याला पुरलं.