सेन्सॉरचे कट आणि रिलीजची तारीख

सेन्सॉर बोर्डाने सांगितलेला कट मान्य करायचा की भांडायचं, हा प्रश्न निर्मात्यापुढे येतो तोवर थिएटरं ठरलेली असतात आणि पोस्टरवर तारीख छापून झालेली असते. मग तत्त्वबित्त्व राहतं बाजूला. आपल्याकडचे निम्मे कट बोर्डाच्या कडकपणामुळे नाही, या घाईमुळे पडतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रमाणपत्रासाठीचा अर्ज बोर्डाच्या ई-सिनेप्रमाण पोर्टलवर भरायचा. चित्रपट पूर्ण हवा, म्हणजे पार्श्वसंगीत आणि साउंड इफेक्ट्ससह शेवटचं मिक्सिंग झालेला. तात्पुरतं म्युझिक लावलेली प्रत चालत नाही. सोबत संवाद आणि गाण्यांसह पूर्ण स्क्रिप्ट द्यायची. ग्रामीण मराठी चित्रपट हमखास अडकतात ते बैल, घोडा, कोंबडा यांच्यापायी. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते आणि नंतर त्यांचं ना-हरकत प्रमाणपत्रही जोडावं लागतं. शूटिंग उरकून मग धावपळ करणाऱ्यांचे महिने जातात. (सिगारेटच्या दृश्याखालची पट्टी आणि सुरुवातीला व मध्यंतरानंतर येणारी तंबाखूविरोधी जाहिरात हा वेगळ्या कायद्याचा भाग. त्यावर बोर्डाशी वाद घालण्यात अर्थ नाही.)

बोर्डाची परीक्षण समिती चित्रपट बघते, सदस्य आपापला अहवाल लिहितात आणि मग निर्मात्याला आत बोलावतात. खरी घासाघीस इथे होते. 'एवढं काढा, यूए देतो' (म्हणजे पालकांच्या सल्ल्याने मुलांनाही बघता येईल असं प्रमाणपत्र) असं ऐकलं की बहुतेक जण मान डोलावतात, कारण ए, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र, मिळालं तर चित्रपट टीव्हीवर दाखवता येत नाही आणि सॅटेलाइट हक्कांचे पैसे जातात. मग कागदावर हे कट निर्मात्याने राजीखुशीने दिलेले दिसतात. तिथे तोंडी होकार देऊ नये. प्रत्येक कट ६ डिसेंबर १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतल्या कोणत्या कलमाखाली आहे ते लेखी मागावं, लेखीच उत्तर द्यावं आणि पटलं नाही तर बोर्डाच्याच पुनरीक्षण समितीकडे जावं. त्यानंतर थेट उच्च न्यायालय. मधलं अपील न्यायाधिकरण एप्रिल २०२१ मध्ये बंद झालं. छोट्या मराठी निर्मात्याला वकिलाची फी परवडणारी नसते, त्यामुळे हा बदल त्यालाच सगळ्यात महागात पडला.

'उडता पंजाब' या हिंदी चित्रपटाच्या वेळी पुनरीक्षण समितीने १३ बदल सांगितले होते. मुंबई उच्च न्यायालयाने १३ जून २०१६ ला त्यातला एकच कट ठेवला, डिस्क्लेमर दुरुस्त करायला सांगितलं आणि चित्रपट १७ तारखेला लागला. चार दिवसांचा खेळ. असा धोका पत्करायला मागे मोठा निर्माता लागतो. २०२५ मध्ये 'फुले' या हिंदी चित्रपटाला ११ एप्रिल, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीचा मुहूर्त धरायचा होता. तिथे बोर्डाने जातींचे उल्लेख आणि 'पेशवाई' हा शब्द काढायला लावला, '३००० साल पुरानी गुलामी'चं 'कई साल पुरानी' झालं. चित्रपट २५ एप्रिलला आला. जातीवरच्या चित्रपटातून जातींचीच नावं काढल्यावर प्रेक्षकाला नेमकं कशापासून वाचवलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

शब्द म्यूट करणं वाटतं तेवढं सोपं नसतं. संवाद, म्युझिक आणि इफेक्ट्सचे ट्रॅक वेगवेगळे जपले असतील तर फक्त संवाद बंद करता येतो, मागचा पाऊस, पंखा, तंबोरा चालू राहतो. एकत्र मिक्स केलेल्या ट्रॅकवर म्यूट मारला की अर्धा सेकंद सगळंच गप्प होतं आणि प्रेक्षकाला शिवी नेमकी कुठे होती ते आपोआप कळतं. शब्द बदलायचा असेल तर ओठांच्या हालचालीशी जुळणारा शोधून डबिंग करावं लागतं. त्याच नटाची तारीख तेव्हाच मिळेल याची खात्री नसते. गाण्यातला शॉट कापला की ताल मोडतो, म्हणून तिथे कटऐवजी दुसरा शॉट टाकण्याची परवानगी मागावी. आणि सबटायटल्स तपासा! ऐकू न येणारा शब्द खाली ठळक इंग्रजीत झळकतोय, असं घडतं.

सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले. हे आकडे पालकांसाठी सूचना आहेत. १६+ च्या चित्रपटाला दहा वर्षांच्या मुलाला दारावरचा माणूस त्या आकड्यावरून अडवू शकत नाही. ए असेल तर मात्र अठराच्या आतल्याला आई-बाप सोबत असूनही प्रवेश नाही. वयाचे एवढे बारीक गट केल्यावर कात्री कशाला हवी? श्याम बेनेगल समितीने २०१६ मध्येच सांगितलं होतं की बोर्डाने वर्गवारी करावी, कापाकापी करू नये. गट घेतले, कात्रीही ठेवली.

तेव्हा प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. ट्रेलर थिएटरमध्ये दाखवायचा असेल तर त्याचा अर्ज वेगळा. यूट्यूबवर टाकायला तो लागत नाही.