एमएम ५४०: वेल्डिंग मशीन ठरलं, आता फ्लोअर

माझ्या जुन्या महिंद्रा एमएम ५४० जीपच्या दुरुस्तीसाठी अखेर मिग घेतलं, म्हणजे गॅसच्या आवरणात वायर आपोआप पुढे सोडत जोडणारं वेल्डिंग मशीन. सिंगल फेज, २०० अँपिअर, त्यावर रॉडही चालतो.

दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती अँपिअरचं पाहिजे?" जुन्या जीपसाठी विचारायचं ते वेगळंच: कमीत कमी किती अँपिअरवर आर्क स्थिर राहतो? चॅसिसवर काम असतं मोजकंच, खरा वेळ जातो तो बॉडीत. मी लावतोय तो पत्रा १८ गेजचा, म्हणजे १.२ मिमी, आणि ज्या जुन्या कडेला तो जोडायचा ती गंजून आणखी पातळ झालेली. तिथं ४०-६० अँपिअरवर मशीन तडतडलं की भोक पडलंच. म्हणून घेण्याआधी दुकानातच दोन पत्र्याचे तुकडे जोडून पाहिले. तुम्हीही तुकडे खिशात घेऊनच जा.

नुसता इन्व्हर्टर आर्क, म्हणजे फक्त रॉडवर चालणारं मशीन, स्वस्त पडतो, चॅसिसला उत्तमही आहे, पण एवढ्या पातळ पत्र्यावर रॉड सांभाळणं फार कठीण. बिनगॅसची फ्लक्स वायर वाऱ्यात, उघड्यावर चालते. मात्र पत्र्यावर ती जास्त तापते आणि वर स्लॅग, म्हणजे जोडावर साचणारी खपली, झाडत बसावं लागतं. ती लावलीच तर पोलॅरिटी बदलायची, टॉर्च निगेटिव्हला. मी ०.८ मिमीची सॉलिड वायर आणि आर्गॉन-सीओटू मिक्स धरलंय. नुसता सीओटू स्वस्त आहे आणि जाड लोखंडात खोल शिरतो, पण शिंतोडे खूप उडतात.

पाटीवरची ड्यूटी सायकल नीट वाचा. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, तेही ४० अंश तापमान धरून. मे महिन्यात अकोला-नागपूरकडे पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांनी त्याहून कमीच धरावं.

घरची लाइन हा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. बॉडीचं काम १६ अँपिअरच्या प्लगवर आरामात होतं. रॉडने १६० अँपिअरवर चालवायचं तर मशीन लाइनमधून ३० च्या आसपास ओढतं. त्यासाठी इलेक्ट्रिशियनकडून मीटरपासून वेगळी जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी टाकून घेतला. मंजूर भार आधी बिलावर पाहा. बारीक, लांब एक्स्टेंशन बोर्ड नकोच.

चॅसिसचा मागचा क्रॉस मेंबर, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चॅनेलना जोडणारा आडवा तुकडा, बदलून झाला. चॅनेलची जाडी कॅलिपरने मोजली तर ३ मिमीला थोडी जास्त भरली. कापण्याआधी दोन्ही बाजूंना टेकू दिले, आडवा अँगल टॅक केला, म्हणजे छोट्या टाक्यांनी तात्पुरता जोडला, आणि तिरकी मापं घेतली. दोन्ही तिरकस सारखे असल्याशिवाय कटर लावायचा नाही. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी काढल्या, डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवली. अर्थ क्लॅम्प रंग घासून, उघड्या लोखंडावर, जोडाच्या जवळ. रॉड ७०१८ चा, कोरडा ठेवलेला. दमट हवेत उघडं राहिलेलं पाकीट चॅसिसला वापरू नये.

आता ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा. सलग टाका मारला की पत्रा फुगतो, म्हणून बोटभर अंतरावर टॅक, एक इथं, पुढचा पार त्या टोकाला, हाताला सोसेल इतका गार झाला की मधले. फटीमागे तांब्याची पट्टी धरली की भोक पडत नाही, कारण उष्णता ती ओढून घेते आणि वितळलेलं लोखंड तिला चिकटत नाही. झिंकवाला पत्रा असेल तर जस्त घासून काढूनच वेल्ड करा, धूर वाईट असतो.

डावी बाजू टॅक झालीय. उजवीकडे बॉडी माउंटचा, म्हणजे बॉडी चॅसिसवर बसते तो, ब्रॅकेटही गेलाय. तो आधी, मग पत्रा.